पाठीचं माप

शाळा उघडायच्या आधीच्या रविवारी अण्णांच्या शिवणाच्या दुकानाचं शटर अर्धंच वर असे. गिऱ्हाइकानं काय ते समजावं, की आज मास्तर घरच्यांसाठी बसलेत. त्या अर्ध्या शटरखालून घरातलं एकेक माणूस वाकून आत येई आणि आत आल्यावर पाठ सरळ करी. अण्णांना ते बघायला आवडायचं. कोण किती वाकलं यावरून त्यांना उंचीचा अंदाज येई, टेप हातात घ्यावा लागत नसे.

यंदा त्यांचं तिकडे लक्ष नव्हतं. कापायच्या टेबलावर शाळेतून परत आलेला गठ्ठा पडला होता. नव्या गणवेशाचे नमुन्याचे शर्ट. थोरल्या मुलानं तो काल सोडला आणि मुद्दाम तसाच ठेवला, येणाऱ्याजाणाऱ्याला दिसेल असा. शाळेनं फोनवर सांगितलं होतं की शर्ट मागून वर चढतात, पुढून लोंबतात, पालक कुरकुर करतात. नीट जमणार नसेल तर यंदा तयार कपडेच घेऊ.

'तयार' हा शब्द अण्णांसमोर काढायचा नाही, असा घरातला न बोललेला नियम होता. थोरल्यानं काल तो मोडला, आणि मोडून वर चहा मागितला.

त्याचं म्हणणं साधं होतं. भिंतीवर खिळ्यांना पुठ्ठ्याचे साचे टांगलेले होते, प्रत्येक इयत्तेचा एक जुडगा. ते तो स्वतः शाळेत होता तेव्हाचे. ज्या मुलांवरून ते कापले त्यांची आता मुलं शाळेत जात होती, आणि ती मुलं वेगळी होती. पाचवीच्या पोराला आठवीचा साचा लागे, आणि तोही धड बसत नसे. लांबीला पुरला तर खांद्यात अडे. अण्णांचं म्हणणं याहून साधं होतं. साचे चुकलेले नाहीत, पोरं उभी राहायचं विसरलीत. आठवडाभर बापलेक हेच बोलत होते. जेवताना आई दोघांना वाढायची आणि म्हणायची, आळीपाळीनं बोला रे, म्हणजे निदान एकाचं तरी मला कळेल.

म्हणून थोरल्यानं ताईला बोलावलं. ताई तिघा भावंडांत मोठी, पन्नाशी ओलांडलेली, एका शाळेत नर्स. दरवर्षी शेकडो मुलांची उंची-वजनं तिच्या हातून जात. मुलांच्या शरीरांचं काय झालंय हे तिच्याइतकं घरात कुणाला ठाऊक नव्हतं, आणि तिच्या शब्दाला अण्णा मान देत. अडचण एवढीच, की ताई मापाच्या रविवारी कधी यायची नाही. वर्षानुवर्षं नेमकी त्या दिवशी तिची ड्युटी निघायची. शाळा बंद असताना शाळेच्या नर्सला कसली ड्युटी, हे घरात कुणी विचारलं नव्हतं.

यंदा ती आली. पण थोरल्याच्या फोनमुळे नव्हे. त्याच्या बायकोच्या फोनमुळे.

*

थोरल्या सुनेनं नणंदेला आल्या आल्या मागच्या इस्त्रीच्या खोलीत नेलं आणि दार लोटून घेतलं. तिला जे सांगायचं होतं ते फोनवर निम्मं सांगून झालं होतं, तरी तिनं पहिल्यापासून सुरुवात केली. मुलगी तेरा वर्षांची. गेल्या वर्षभरात अशी वाढली की आईच्या डोक्यावरून पलीकडचं बघते. चुलतभावानं तिचं नाव 'शिडी' ठेवलं, आणि आता घरातही तेच चालतं. तर ही शिडी हिवाळ्यापासून वाकायला लागली. जेवताना हनुवटी ताटात. चालताना खांदे असे, जणू पोटाशी काही लपवून नेतेय. बापाचा जुना जाड स्वेटशर्ट अंगात, या उकाड्यात. ताठ बस, ताठ चाल म्हणून म्हणून आपली जीभ झिजली. आणि आता म्हणते, मापाला ठोकळ्यावर उभी राहणार नाही, शाळेला तयार कपडे घ्या.

"अण्णांना हे कोण सांगणार?" ती म्हणाली. "तुम्हीच समजवा तिला ताई. तुमचं ऐकते ती. माझ्या माहेरचं असेल म्हणावं, तर तिकडेही कुणाला असा बाक नाही. तुमच्या घरात तर एकाचीही पाठ अशी नाही. आता तुम्हीच बघा ना, या वयात कपडा कसा बसतो अंगावर."

ताईच्या अंगात अण्णांनी शिवलेला पूर्ण बाह्यांचा निळा सुती शर्ट होता. तिचे सगळे कपडे अजून अण्णाच शिवत, तेही माप न घेता. कॉलर मानेला लागून होती, मागची शिवण ओळंब्यात.

 ताईनं विचारलं, ती का वाकते, असं तिला विचारलंस का.

थोरली सून गोंधळली. विचारायचं काय त्यात? उंच मुली वाकतातच. तिला जरा रागही आला. आपण मदत मागायला गेलो आणि उलट आपलीच तपासणी झाली, असं तिला वाटलं. आणि असं वाटलं म्हणून पुढचं, म्हणजे मुलीनं आपल्या खोलीतला आरसा उलटा करून ठेवलाय हे, ती सांगायची राहिली.

*

मापाची जागा म्हणजे दुकानाच्या मधोमध ठेवलेला लाकडी ठोकळा. त्यावर उभं राहायचं, अण्णांनी "ताठ" म्हणायचं, टेप लावायचा आणि आकडा मोठ्यानं सांगायचा, भरल्या दुकानात. कुणीतरी लिहून घ्यायचं. मग अण्णा तोंडपाठ असलेला जुना आकडा सांगत. तुझा बाप या वयात एवढा होता, आत्या एवढी. एक नातवंड मोजलं की अख्खं घर मोजलं जाई.

मोठ्यानं सांगण्यामागे अण्णांचं एक कारण होतं. लहानपणी त्यांच्या अंगावर स्वतःच्या मापाचं काही नसे. चुलतभावाचं उतरलेलं, त्याच्याकडे त्याच्या भावाचं आलेलं. बाह्या दुमडून दुमडून मनगटावर कडं झालेलं. शाळेत त्यांना 'दुमड्या' म्हणत. त्यांच्या अंगाला टेप पहिल्यांदा लागला तो शिवणकाम शिकायला बसले त्या दिवशी. दुकानाच्या मालकानं इतर पोरांना शिकवायला म्हणून यांनाच उभं केलं आणि एकेक आकडा खणखणीत आवाजात सांगितला. चारचौघांत आपल्याबद्दल कुणी इतकं नेमकं बोलतंय, याचं त्यांना रडू आलं होतं. जे आपल्याला इतक्या उशिरा मिळालं ते आपल्या पोरांना दरवर्षी मिळावं, एवढाच त्यांचा हेतू. पण हे कुणाला सांगितलं की त्याची शोभा जाईल असं वाटून त्यांनी कधी सांगितलं नाही.

पहिला नंबर चेंडूचा. चेंडू हा धाकट्याचा मुलगा, आठ वर्षांचा. धाकटा लोकांना गाडी चालवायला शिकवायचा. आठवडाभर परक्यांच्या शेजारी जीव मुठीत धरून गप्प बसल्यामुळे असेल, सुट्टीच्या दिवशी त्याची जीभ मोकाट सुटे.

"ताठ," अण्णा म्हणाले. चेंडूनं श्वास कोंडला, छाती काढली, पोट कुठेतरी आत पाठवलं. अण्णांनी टेप फिरवला.

"कंबर सव्वीस. तुझा बाप या वयात बावीस."

धाकटा लिहून घेत म्हणाला की पोरगं बापाच्या पुढं गेलं पाहिजे असं सगळेच म्हणतात, पण हा पुढं जायचं सोडून चोहोबाजूंनी निघालाय. आई खिडकीशी बसून काजं करत होती, ती हसली. चेंडूही हसला, आणि हसताना कोंडलेला श्वास सुटला. तो ठोकळ्यावरून उतरला तसा डोकं पुढे, खांदे पुढे, पोट पुढे. पाठीवर दप्तर तेवढं नव्हतं.

ताई टेबलाशी उभी राहून परत आलेला एक शर्ट उलटसुलट करून बघत होती.

"अण्णा, आता घ्या त्याचं माप."

"झालं की घेऊन."

"आता. उतरल्यावर."

अण्णांनी नातवाकडे पाहिलं. "वाकलेल्याचं माप घेत नसतात."

"मग तो शर्ट त्याला ठोकळ्यावरच बसणार. शाळेत ठोकळा नाहीये."

धाकट्याला हसू आलं. थोरल्याला आलं नाही. तो उठला, त्यानं ताईच्या हातातला शर्ट घेऊन चेंडूच्या अंगात चढवला. मागे मानेपासून कमरेपर्यंत कापड पुरत नव्हतं. पुढे मात्र छातीखाली चुणी जमली होती. शाळेनं फोनवर सांगितलं होतं ते हेच.

मग ताईनं सांगितलं. ती एखाद्या मुलाबद्दल बोलत नव्हती, वर्गांबद्दल बोलत होती. मुलं उंच झालीत. त्याच वयाच्या आईबापांपेक्षा पुष्कळच उंच. हातपाय लांबलेत, वजनं वाढलीत, वयात लवकर येतात. माना पुढे आल्यात. का आल्यात ते एका वाक्यात सांगता यायचं नाही. दप्तरं आहेत, फोन आहेत, दिवस दिवस बसून राहणं आहे, आणि काहींचं आणखी काही असतं. पण कारण काही असो, ती दिवसभर तशीच असतात. अण्णा 'ताठ' म्हणतात तेवढा क्षण सोडून.

अण्णांनी टेप गळ्यात टाकला. त्यांच्या हातून या गावातल्या पोरांच्या दोन पिढ्या गेल्या होत्या. "म्हणजे इतकी वर्षं मी चुकीचं मोजलं."

"बरोबरच मोजलंत," ताई म्हणाली. "पण तसं कुणीच नसतं."

 थोरल्याला जिंकल्यासारखं वाटायला हवं होतं. तसं वाटलं नाही, आणि आपण ताईला उगाच बोलावलं असं मात्र वाटायला लागलं. आईला वाटलं, आता आपण काहीतरी बोलून नवऱ्याची बाजू सावरली पाहिजे. तिनं दोरा दातानं तोडला.

"एवढं काय त्यात? वाकलेल्या पाठीचा काप यांना येत नाही थोडाच. ताईचं सगळं तसंच तर कापत आलेत."

कुणी काही बोललं नाही, तेव्हा तिला वाटलं कुणाला कळलं नाही. "अगं, मागं अर्धा इंच जास्त, पुढं तेवढाच कमी. तू शाळेत होतीस तेव्हापासून. मीच तर शिवायचे."

थोरल्या सुनेनं चटकन ताईच्या पाठीकडे पाहिलं. आणि पाहिल्याबद्दल तिची तिलाच लाज वाटली.

ताईला एक रेनकोट आठवला. नोकरीला लागली तेव्हा पहिल्या पगारातून घेतलेला, तयार, पिवळा. तो मागून मानेपाशी उभा राहायचा, आत पाणी जायचं. तिनं तो दुकानदाराला परत केला आणि घरी येऊन अण्णांना म्हणाली, तुम्ही म्हणता तेच खरं, तयार कपड्यात राम नाही. अण्णा तेव्हा किती खूष झाले होते. निदान तिला तरी ते खूष झाल्यासारखे दिसले होते.

*

अशा वेळी धाकटा नेहमी जे करायचा तेच त्यानं केलं. तो टाळी वाजवून म्हणाला, "चला, शिडी आणा. बघू यंदा छपराला लागते का."

शिडी आतल्या दारात उभी होती. कधीपासून, ते कुणाला माहीत नव्हतं. अंगात तो स्वेटशर्ट, हात छातीवर बांधलेले. अण्णांना काम मिळाल्याचं बरं वाटलं. ते म्हणाले, "काढ ते वरचं. ये." ती हलली नाही. आईनं तिच्या खांद्याला मागून हलकंच ढकललं, तशी ती आली, पण स्वेटशर्ट न काढताच ठोकळ्यावर चढली. चढताना ती जेवढी उंच झाली तेवढीच वरून वाकली.

"ताठ," अण्णा म्हणाले.

ती होती तशीच राहिली. अण्णांनी वाट पाहिली, मग स्वेटशर्टवरूनच टेप पाठीमागून काढला आणि पुढे आणला. आकडा बघायला ते खाली वाकले. त्यांनी तोंड उघडलं.

"अण्णा, हिचं माप मोठ्यानं सांगू नका," ताई म्हणाली.

"का?"

"नका."

"आता यात लाज कसली गं? शरीर आहे, वाढणारच."

"लाज नव्हतीच," ताई म्हणाली. "तुम्ही सांगितलंत तेव्हा आली."

अण्णा टेप धरून तसेच उभे राहिले. ताई कुणाकडे न बघता बोलत होती. ती स्वतः बारा वर्षांची असताना अशीच या ठोकळ्यावर उभी होती. शेजारचे दोन दुकानदार चहाला आले होते, ते तिथे त्या बाकड्यावर बसले होते. आकडा आधीच्या वर्षीपेक्षा बराच पुढे गेला होता आणि अण्णांना त्याचा आनंद झाला होता, म्हणून त्यांनी तो दोनदा सांगितला. दुकानदार हसले. वाईट हसले असंही नाही. पण धाकट्याला त्या आकड्याची चाल सापडली, आणि त्यानं त्याचं गाणं केलं. शाळेच्या वाटेवर, गल्लीभर, कितीतरी दिवस.

"मी?" धाकटा म्हणाला. त्याच्या हातात अजून पेन होतं. "मला नाही आठवत गं ताई."

"तुला कसं आठवेल? पाच वर्षांचा होतास तू."

तिच्या आवाजात राग नव्हता, आणि धाकट्याला तेच सहन झालं नाही. आयुष्यभर तो लोकांना हसवत आला होता. यापूर्वी कशाकशावर हसवलं असेल, याचा त्यानं कधी हिशेब ठेवला नव्हता.

"त्या दिवशी मी खांदे पुढं घेतले," ताई म्हणाली. "म्हटलं, शाळा सुरू झाली की सोडीन."

ठोकळ्यावरून शिडीनं विचारलं, "मग सोडले नाहीस?"

"राहूनच गेलं."

*

ठोकळ्यावरून शिडीला सगळ्यांची डोकी दिसत होती. आजोबांचं टक्कल, बाबांचे पांढरे व्हायला लागलेले केस, काकाची मान खाली. इतक्या उंचीवरून तिनं घरातल्यांना कधी पाहिलं नव्हतं, कारण ती कधी आपल्या उंचीवर नसेच. आत्याच्या पाठीकडे तिनं नीट निरखून पाहिलं. काहीच दिसेना. कॉलर जागच्या जागी, शिवण सरळ. कपड्याच्या आत एवढी मोठी गोष्ट राहू शकते याची तिला भीती वाटली, आणि खरं सांगायचं तर थोडा हेवाही वाटला.

"आत्या माप घेईल माझं," ती म्हणाली.

अण्णांनी गळ्यातला टेप काढून ताईला दिला. हा टेप त्यांनी आजवर घरातल्या कुणाच्या हातात दिलेला थोरल्याच्या आठवणीत नव्हता. आत्या-भाची कपडे घालून बघायच्या कोपऱ्यात गेल्या आणि पडदा ओढला गेला.  धाकटा चेंडूला घेऊन शटरखालून बाहेर पडला. रस्त्यावर गेल्यावरही तो बराच वेळ वाकलेलाच चालत होता. थोरला भिंतीशी गेला आणि खिळ्यांवरून साचे एकेक करून उतरवू लागला. अण्णांनी ते पाहिलं. ते काही म्हणाले नाहीत, आणि थोरल्याला वाटलं, म्हणाले असते तर बरं झालं असतं.

पडद्याच्या आत शिडीनं स्वेटशर्ट काढला. आत्यानं तिला ताठ उभी राहा म्हटलं नाही.

"आत्या, दुखतं का गं?"

"संध्याकाळी."

"रोज?"

"रोजच म्हण."

शिडी टेपाकडे बघत राहिली. मग हळूच म्हणाली, "मला सरळ व्हायचंय की नाही, तेच मला कळत नाही. सरळ झाले की सगळे बघतात."

ताईच्या मनात बरंच काही आलं. ती रोज मुलांना जे सांगायची ते, भिंतीला पाठ लावून करायचे व्यायाम, दप्तराचे पट्टे. ते सगळं खरं होतं आणि ती ते सांगणारही होती, पण आत्ता नाही.

"ठरव सावकाश," ती म्हणाली. "फक्त माझ्याइतकं सावकाश नको."

बाहेर आल्यावर तिनं आकडे अण्णांच्या कानाशी जाऊन सांगितले. टेबलावर कापड पसरलेलं होतं. अण्णांनी खडू घेतला, पहिली रेघ मारली आणि थांबले. पाठीची रेघ कुठे न्यायची, हे आयुष्यात पहिल्यांदाच त्यांना सुचेना. वाकलेल्या पाठीला कापड जास्त दिलं तर शर्ट असा बसेल की कुणाला काही दिसणार नाही, तिलासुद्धा. नाही दिलं, तर दिवसभर ओढत राहील. दोन्ही काप त्यांच्या हातात होते. दोन्हींपैकी कोणता मायेचा आहे, ते त्यांना सांगता येत नव्हतं.

"मागं जास्त देऊ?" त्यांनी ताईला विचारलं.

"मला काय विचारता? तिला विचारा."

अण्णांनी आजवर गिऱ्हाइकाला विचारलं होतं, गिऱ्हाइकाच्या आईला विचारलं होतं. शाळेच्या पोराला तुला कसं हवंय म्हणून विचारल्याचं त्यांना आठवेना. ते शिडीकडे वळले. विचारताना त्यांचा आवाज नेहमीपेक्षा बारीक निघाला.

"सैल," शिडी म्हणाली. "सगळीकडून थोडा सैल. आत मला हलता येईल असा."

सैल कपडा म्हणजे अण्णांच्या लेखी दुसऱ्याचा कपडा. खिडकीशी आईची सुई थांबली. नवरा आता काय म्हणतो याकडे तिचे कान होते. अण्णा म्हणाले, "बरं." आणि त्यांनी खडू रेघेपासून बाहेर नेला. सांगितलं होतं त्याहून जरा जास्तच बाहेर.

*

दुपारी सगळे पांगले. थोरला साच्यांचा गठ्ठा बांधून आत घेऊन गेला. थोरली सून मुलीपाठोपाठ घरी गेली, आणि जाताना तिला काही म्हणाली नाही, हे तिच्या दृष्टीनं मोठंच काम होतं. दुकानात अण्णा आणि ताई उरले. ताई पर्स शोधत होती. ती समोर टेबलावरच होती.

"मी बघितलं होतं," अण्णा म्हणाले. ते कात्रीचा स्क्रू घट्ट करत होते, तो घट्टच होता. "त्याच वर्षी. झगा टाकला अंगावर तेव्हा. म्हटलं, वाढीचं असेल, जाईल. तोवर शाळेत कुणी हसू नये म्हणून मागं थोडं दिलं."

"कुणी हसलं नाही."

"हो ना." त्यांना जरा धीर आला. "एकदाही नाही. मी बघायचो ना तू जाताना."

"कुणी विचारलंही नाही, अण्णा."

कात्री टेबलावर ठेवल्याचा आवाज झाला. ताईला ते बोलून वाईट वाटलं. म्हाताऱ्या माणसाला आता हे ऐकवून काय मिळवलं, असं तिच्या मनात आलं. पण बोललेलं परत घ्यावं असंही तिला वाटेना. दोन्ही गोष्टी एकाच वेळी खऱ्या होत्या.

"पुढचा सरळ कापू का तुझा?" अण्णांनी विचारलं. "तुझ्या वाढदिवसाचं कापड आणून ठेवलंय."

ताईनं खरंच विचार केला. उत्तर देण्याआधी तिनं उभ्या उभ्या खांदे मागे नेऊन पाहिले. जेवढे जात होते तेवढेच गेले.

"नको," ती म्हणाली. "आता ओढेल."

अण्णांनी मान डोलावली. कारागीर म्हणून त्यांना माहीत होतं की ती बरोबर बोलतेय.

ती शटरखालून वाकून बाहेर गेली. अण्णा मागोमाग दाराशी आले आणि शटरच्या खालून बघायला त्यांना स्वतःला वाकावं लागलं. ऊन रस्त्यावर पसरलं होतं. ताई पलीकडच्या बाजूला जाऊन उभी राहिली, त्यांच्याकडे पाठ करून. लांबून बस येताना दिसली तसा तिनं हात वर केला, आणि हात वर गेला तेव्हा निळं कापड ताणलं जाऊन पाठीला चिकटलं. क्षणभर ती सगळी दिसली. मानेखालून सुरू झालेला तो बाक, दोन्ही खांद्यांमधला तो उंचवटा, एखाद्या ओझेकऱ्याचा असावा तसा. आपण इतकी वर्षं जे कापत होतो ते एवढं होतं, हे अण्णांना पहिल्यांदा कळलं. अर्धा इंच त्याला कधीच पुरला नसणार. नकळत ते दरवर्षी थोडं थोडं जास्त देत गेले असणार.

बस थांबली. ताईनं हात खाली घेतला. कापड पुन्हा जागेवर बसलं. कुठेही ओढत नव्हतं.